सायलेन्सर बदलून पिकअप वाढतो का?

सात-आठ वर्षांची पेट्रोल स्विफ्ट समोर धरू. बीएस-४, १,१९७ सीसी, ८३ पीएस, ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. कुठल्याही गॅरेजच्या दारात उभी असणारी गाडी. मालकाची तक्रार ठरलेली: "पहिल्यासारखी उचलत नाही." ॲक्सेसरीजवाल्याचं उत्तरही ठरलेलं: "फ्री फ्लो टाका, मग बघा." म्हणजे धूर कमी अडवणारा सायलेन्सर. दहा-पंधरा हजार जातात आणि फरक पडतो तो मुख्यतः कानाला. हाच पैसा कुठे, कोणत्या क्रमाने घातला तर गाडी खरंच पळेल, ते इथे सांगतोय. सायलेन्सरला त्यात जागा आहे, पण पहिली नाही.

इंजिन म्हणजे हवेचा पंप. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,००० वेळा १.१९७ लिटर, जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटर हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या दर मिनिटाला रिकाम्या झाल्यासारखं. बाहेर पडताना ती तापलेली असते. ३५० अंशांना तिचं आकारमान दुप्पट होतं. एवढं सगळं त्या पाइपातून जातं, म्हणून पाइप महत्त्वाचा.

पण हा हिशेब पूर्ण रेझ केलेल्या इंजिनाचा. शहरात २,००० आरपीएमवर, ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना याच्या पाचवा हिस्साही हवा जात नाही. तेव्हा अडसर सायलेन्सरचा नसतोच. अडसर असतो थ्रॉटलच्या झडपेचा, आणि ती तुमच्याच पायाखाली आहे. साध्या, टर्बो (धुराच्या जोरावर हवा आत दाबणारा पंखा) नसलेल्या १.२ लिटर इंजिनावर कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा) मागचा सायलेन्सर बदलून टोकाच्या आरपीएमला दोन-तीन पीएस मिळाले तर भरपूर. तुलनेला एक गोष्ट: मुंबईहून पुण्याला, म्हणजे ५६० मीटर वर आलात की हवा सुमारे पाच टक्के विरळ होते आणि ८३ मधले चारेक पीएस घाटातच राहतात. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, बारा टक्के जातात. आणि तरीही पुणेकर गाडीला नावं ठेवत नाहीत, कारण एवढा फरक बुडाखाली सहसा जाणवतच नाही.

आधी हरवलेलं परत आणा

ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत कंपनीने दिलेले ८३ पीएस बहुधा शिल्लक नसतात. ते परत मिळवणं सगळ्यात स्वस्त.

सुरुवात इंजिनापासून नको, चाकांपासून करा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ब्रेक जवळजवळ लावू नका, उतरून चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला कॅलिपर किंवा मागचा ब्रेक शू धरून ठेवतोय. कॅलिपरच्या स्लाइड पिना साफ करून ग्रीस करायला अर्धा तास लागतो. इंजिनावर हजारो रुपये घालणारे लोक ब्रेक धरलेली गाडी चालवत असतात, हे दिसतं त्याहून जास्त वेळा घडतं. मग टायरमधली हवा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. मग क्लच: चढावर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. अशा गाडीला ताकद वाढवून देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

आता इंजिन. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचा ब्लूटूथ डोंगल हजार रुपयांच्या आसपास मिळतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये चेक इंजिनचे कोड तर दिसतातच, पण खरी कामाची गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, ठरवलेल्या इंधनात ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून त्याला किती टक्के वाढ-घट करावी लागतेय, तो हा आकडा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लाँग टर्म ट्रिम उणे पाच ते अधिक पाचच्या आत असेल तर तब्येत ठणठणीत. दहाच्या पुढे गेला की शोध घ्यायचा. इथे हल्ली एक पुस्ती जोडावी लागते: पंपावर ई-२० पेट्रोल आलंय, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या बीएस-४ गाडीत ट्रिम त्यामुळे अधिक चार-पाचकडे सरकलेला दिसला तर तो बिघाड समजू नका.

आयडलिंगला अधिक बारा, पण २,५०० आरपीएमला अधिक चार, असं दिसलं तर हवा कुठून तरी चोरून आत येतेय. व्हॅक्युम होजला चीर गेलेली असते, किंवा सायलेन्सर लाइनला सेन्सरच्या आधी गळती असते. ही दुसरी शक्यता पुढे सविस्तर येईल, कारण फ्री फ्लो बसवल्यावर मायलेज का पडतं त्याचं उत्तर तिच्यात आहे.

स्पार्क प्लग. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किलोमीटरला संपतात. इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. इरिडियमने पीएस वाढत नाहीत, ते फक्त जास्त दिवस धारदार राहतात. हीट रेंज कंपनीने दिलेलीच घ्या. "रेसिंगचा थंड प्लग" शहरातल्या गाडीत काजळी धरतो आणि मिस मारतो. वॉशरवाला नवा प्लग थंड सिलिंडर हेडमध्ये आधी हातानेच पूर्ण बसवायचा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. तिरका धरून पान्याने रेटला की आटे गेलेच, आणि मग तीनशेच्या प्लगपायी हेड उतरवावं लागतं.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका. आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. क्लीनर कापडावर घ्या, पुसा, आणि नंतर आयडल रीलर्न करून घ्या, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवा. ते न केल्यास गाडी सिग्नलला बंद पडते आणि मेकॅनिक तुम्हाला नवी थ्रॉटल बॉडी सांगतो.

सायलेन्सर खरंच तुंबलाय का, ते मोजा

पाइप बदलायचा की नाही, हा प्रश्न मतांनी सुटत नाही, गेजने सुटतो. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढा. २२ मिमीचा खाचवाला सॉकेट लागतो, आटे १८ मिमीचे. इंजिन कोमट असताना गंज सोडवणारं तेल मारून सोडवा. त्या भोकात ॲडॉप्टर लावून कमी दाबाचा गेज बसवायचा. आयडलिंगला दाब दीड पीएसआयच्या खाली आणि २,५०० आरपीएमला तीनच्या खाली असेल तर लाइन मोकळी आहे. मग फ्री फ्लो काय मोकळं करणार? तीनच्या वर गेला तर आत काहीतरी बसलंय: कॅटचं मधाच्या पोळ्यासारखं सिरॅमिक वितळून चिकटलेलं, किंवा सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून भोकावर आडवा.

गेज मिळाला नाही तर व्हॅक्युम गेजवरही काम भागतं. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पाऱ्याचा व्हॅक्युम दाखवतं. पुण्यात त्यातले दोनेक इंच वजा धरा, ते हवेचे आहेत. २,५०० आरपीएम मिनिटभर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली घसरत गेला तर मागे रस्ता बंद आहे.

कॅट वितळला असेल तर नवा बसवायच्या आधी तो का वितळला ते शोधा. बहुतेकदा प्लग किंवा कॉइल मिस मारत होती, न जळलेलं पेट्रोल मागे गेलं आणि कॅटमध्ये पेटलं. कारण तसंच ठेवून नवा लावलात तर त्याचीही तीच गत.

"बॅक प्रेशर लागतं" हे अर्धसत्य

प्रत्येक गॅरेजात ऐकू येणारं वाक्य: पाइप फार मोठा केला की बॅक प्रेशर जातं आणि पिकअप मरतो. पिकअप मरतो हे खरं. कारण चुकीचं. मागून रेटणारा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो वेग.

चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा वायूचा गठ्ठा बाहेर फेकतं. प्रत्येक गठ्ठा पाइपातून वेगाने पळतो तेव्हा त्याच्यामागे कमी दाबाची पोकळी ओढली जाते. लोकल फलाटावरून सुटली की मागे कागद-कचरा ओढला जातो, तसं. ती पोकळी पुढच्या सिलिंडरच्या उघडलेल्या झडपेपाशी वेळेत पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजी हवा जास्त भरते. पाइप रुंद झाला की गठ्ठा पसरतो, मंदावतो, थंड होतो आणि ही ओढ जाते. आकड्यांत: पावणेदोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची टाकला तर आतलं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे वेग निम्मा. ८०-९० पीएसच्या इंजिनाला पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४५ मिमी, पुरून उरतं. अडीच इंच दोनशे पीएसच्या आसपासच्या इंजिनांसाठी. कोपऱ्यावरचा कारागीर अडीच इंची का सुचवतो? त्याच्याकडे तोच पाइप पडून असतो, आणि मागून जाड दिसतो म्हणून गिऱ्हाईक खूश.

टर्बोवाल्या गाडीचं गणित वेगळं. तिथे धुराने टर्बाइन फिरवून झाल्यावर मागे जितकं मोकळं तितकं बरं. ओढ वगैरेचा प्रश्न टर्बाइनच्या पुढे संपतो.

हेडर्सबद्दल, म्हणजे सिलिंडरमधून निघणाऱ्या वेगळ्या पाइपांबद्दल, थोडक्यात: चार पाइप आधी दोनात आणि मग एकात आणणारी ४-२-१ रचना मधल्या आरपीएमला बरी, चारही थेट एकात आणणारी ४-१ टोकाला. मात्र हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कॅट थेट मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा कंपनीचा भाग) चिकटून असतो, म्हणजे सुरू झाल्याझाल्या तो २५०-३०० अंशांना पोचून कामाला लागावा. हेडर्स टाकायचे तर तो मागे सरकवावा लागतो आणि उशिरा तापतो. रोजच्या गाडीत हा उद्योग करू नये.

बनवून घ्यायचाच असेल तर

सायलेन्सर गंजून फुटला असेल, आणि कोकणात खाऱ्या हवेत तो लवकरच फुटतो, तर बदलणं भागच आहे. तेव्हा निर्णय नीट घ्या.

धातू: ३०४ स्टेनलेस टिकतो. ४०९ स्वस्त, वरून तांबूस होतो पण बरीच वर्षं जातो. ओळखायची साधी खूण म्हणजे लोहचुंबक: ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळपास नाही. पत्रा दीड मिमी. त्याहून पातळ घेतला तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो.

वाक: साध्या बेंडरवर वाकवलेला पाइप कोपऱ्यात चेपतो आणि ४५ मिमीचा ३५ वर येतो. मग जाड पाइपाचे पैसे कशाला दिले? आत मँड्रेल (पाइप चेपू न देणारा दांडा) घालून वाकवलेले तयार बेंड मिळतात, ते कापून जोडून घ्या. जोड टिग वेल्डिंगने, आणि स्टेनलेसला आतूनही आर्गॉन सोडून. आतून आर्गॉन नसेल तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळे, साखरेसारखे खडबडीत दाणे येतात. कारागिराकडचा आधीचा एखादा कापलेला जोड मागून बघा. आत बोट फिरवलं की कळतं.

सायलेन्सरचे दोन प्रकार. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात, धूर वळसे घेत जातो. दुसऱ्यात सरळ जाळीदार नळी आणि भोवती ग्लासवूल. हा मोकळा असतो, पण स्वस्तातला ग्लासवूल वर्ष-दोन वर्षांत जळून उडतो आणि सुरुवातीला सभ्य असलेला आवाज रोज वाढत जातो. घेतानाचा आवाज ऐकून खूश होऊ नका.

मधला रेझोनेटर, तो लहान डबा, काढू नका. कारण पुन्हा तेच शंभर ठोके. २,५०० ते ३,००० आरपीएम म्हणजे ८३ ते १०० हर्ट्‌झ, आणि हॅचबॅकची बंद केबिन याच सुरात ढोलासारखी घुमते. एक्सप्रेसवेवर तुम्ही नेमके याच आरपीएमला तासभर असता. लोणावळ्यापर्यंत डोकं उठतं. उपाय म्हणून लाइनला टोक बंद केलेली आडवी नळी जोडतात, आवाजाची लाट तिच्यात जाऊन उलटी परत येते आणि मूळ लाटेला खाते. ९३ हर्ट्‌झसाठी, ३०० अंशांच्या धुरात, ही नळी १.३ मीटरच्या आसपास लांब भरते. स्विफ्टखाली ती कुठे बसवणार? जो डबा काढून फेकलात तो हेच काम हातभर जागेत करत होता.

आणि गळती. फ्लँजचं (दोन पाइप नटांनी आवळायची कड) गॅस्केट जुनं वापरलं, नट एका बाजूने आवळले, की सांधा किंचित उघडा राहतो. दोन गठ्ठ्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सांधा सेन्सरच्या आधीचा असेल तर ऑक्सिजन सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो. मायलेज लिटरमागे दोन-तीन किलोमीटरनी पडतं आणि दोष बिचाऱ्या पंपावरच्या पेट्रोलला जातो. तपासायचं असं: थंड इंजिन सुरू करून टेलपाइपवर क्षणभर जाड ओलं कापड दाबा, प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की सापडली. जुनी गळती सांध्याभोवतीच्या काळ्या काजळीवरूनही दिसते. सांध्याला साधा सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याची वाफ सेन्सर मारते. हे फक्त मायलेजपुरतं नाही. गळती केबिनखाली असेल आणि डिकीच्या दाराचं रबर फाटलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

कॅट काढायचा नाही

"कॅट-कॉन काढून सरळ पाइप" हा सगळ्यात स्वस्त सल्ला, कारण कारागिराला वर जुना कॅट मिळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला भाव आहे. तुम्हाला मिळतो पी०४२० कोड (कॅट काम करत नाही असा इशारा), डोळे चुरचुरवणारा धूर आणि नापास पीयूसी. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. २,५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३. कॅटमागच्या दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर घालून चेक इंजिनचा दिवा विझवता येतो, पण पीयूसी यंत्राची नळी टेलपाइपात जाते, डॅशबोर्डवर नाही. आणि हो, वरची गळती असेल तर कॅट शाबूत असूनही लॅम्डा १.०३ च्या वर जातो. चांगली गाडी पीयूसीत अडकली तर आधी सांधे बघा.

कायदा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे उचलून धरलं. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. पोलिस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात ते फोटो बहुतेक बुलेटचे असतात, पण कलम चार चाकांनाही तेच. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचण करतो ते वेगळंच. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी मूळ आवाजाचा, मूळ मापाचा, चांगल्या धातूचा सायलेन्सर एवढीच हद्द धरा.

फिल्टर, रीमॅप आणि जादूचे डबे

बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूचा फिल्टर सूं-सूं आवाज देतो आणि गरम हवा ओढतो. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर घनता नऊ टक्के घटते. कंपनीचा डबा पुढच्या जाळीतून थंड हवा घेतो. त्यात ताजा कागदी फिल्टर टाका, बस. धुण्याचा तेलकट फिल्टर घेतलात तर तेल मोजून. जास्त झालं की मास एअरफ्लो सेन्सरवर बसतं. हवेची नळी बंपरखाली नेणारी किट मुंबईच्या पावसात घेऊच नका. एकदा पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

ॲक्सिलरेटरच्या वायरला जोडायचा थ्रॉटल बूस्टर ताकद एक कणही वाढवत नाही. अर्धा दाबलेला पेडल तो ईसीयूला पाऊण दाबला असं सांगतो. तुमचा पाय हे फुकट करतो. पेट्रोल लाइनवरची चुंबकं तर सोडाच.

ईसीयू रीमॅप, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलणं, साध्या पेट्रोल इंजिनावर पाच-आठ टक्के देतो, टर्बोवर वीस-तीस. टर्बोवाल्याला हाच सगळ्यात स्वस्त खरा पर्याय, पण गिअरबॉक्स काय सोसतो ते आधी बघा. फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचवाल्या सात गिअरी डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर; टायगुनचं १.५ टीएसआय कंपनीतूनच तेवढा टॉर्क देतं. तिथे वाढवाल ते क्लचच्या खात्यातून.

ब्रेकसाठी मात्र हात आखडू नका. दोन वर्षं झालेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसलेलं असतं. ताजं डॉट-४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ लाही उकळू शकतं. खंबाटकी उतरताना हा फरक पायाला कळतो: पेडल स्पंजासारखं खाली जातं.

फरक मोजायचा कसा

आवाज वाढला की गाडी वेगवान वाटते, म्हणून कानावर भरवसा नको. मोकळा, सपाट, रहदारी नसलेला रस्ता, तिसरा गिअर, ४० ते ८० किलोमीटर, एसी बंद, तेवढीच माणसं, पेट्रोल साधारण तेवढंच. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, म्हणजे चढ आणि वारा कटतो. शेजारी बसलेल्याने ओबीडी ॲपवर वेळ नोंदवायची, चालवणाऱ्याने नाही. बदलाआधी आणि नंतर, शक्यतो त्याच तापमानाला. प्रत्येक वेळी एकच बदल. प्लग, फिल्टर आणि पाइप एकाच दिवशी बदललेत तर श्रेय कुणाचं ते कधीच कळणार नाही.

नवी लाइन बसवून आणल्यावर तीनशे किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, फ्लँजचे नट पुन्हा एकदा आवळा. तापून-निवून ते सैल पडतातच. हँगरची रबरं हाताने हलवून बघा. टेलपाइप आणि बंपर यांच्यात दोन बोटं आडवी जायला हवीत. इंजिन रेझ केल्यावर पूर्ण लाइन डोलते, आणि एकच बोट जात असेल तर पुढच्या उन्हाळ्यात बंपरचं प्लॅस्टिक तिथे वितळून खाली आलेलं दिसेल.